मेळाचं पाणी

आमच्या मंडळीत भांडण जपून ठेवायची परवानगी नाही. भांडायची आहे, आणि ती आम्ही पुरेपूर वापरतो. पण प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ते मिटलंच पाहिजे. मनात अढी ठेवून भाकर आणि प्याला घेतला तर तो अंगावर येतो, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं आहे. जबलपुरातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम वीस-बावीस घरं. कुणाचे आजोबा नगरकडून रेल्वेत आले, कुणाचे वडील नागपूरकडून कारखान्यात लागले. महिन्यातून एक उपासना मराठीत होते, बाकीच्या हिंदीत. एवढ्याशा माणसांत अबोला परवडत नाही, म्हणूनच जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली असावी. तिला आम्ही मेळाचं पाणी म्हणतो.

रीत साधी आहे. पाळकसाहेब दोन्ही बाजूंना एका घरी बसवतात, प्रार्थना करतात, आणि मग एकाच पेल्यातून दोघं पाणी पितात. झालं, भांडण संपलं. संपलं म्हणजे त्याचा पुन्हा उच्चारही करायचा नाही. पाणी प्याल्यावर जो ती गोष्ट काढेल तो दोषी, मग मूळ चूक कुणाची का असेना.

मी महिला मंडळाची सेक्रेटरी होते आणि या कामात पटाईत होते. नाताळच्या करंज्यांवरून दोन वर्षं एकमेकींकडे न बघणाऱ्या दोघींना मी एका दुपारी पाणी पाजलं होतं. गायनात पुढे कोण उभं राहणार यावरून जुंपलेल्या दोन घरांना तर चहाही पाजला होता. पाळकसाहेब थट्टेने म्हणायचे, "आमचं अर्धं काम तं ह्याच करून राहिल्या." मी वरवर लाजायचे, पण मनातून मला ते फार आवडायचं. आता त्या आवडण्याची लाज वाटते.

माझी धाकटी बहीण नाताळच्या आठवड्यात मनगटाला प्लास्टर घालून आमच्या मदन महलच्या घरी आली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवऱ्याबरोबर ती शहराच्या टोकाला, महाराजपुरात राहायची. आई केव्हाच गेली. घरात बाबा आणि मी, दोघंच. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, आणि लग्न न केलेल्या थोरल्या बहिणीला घरात जो अधिकार आपोआप मिळतो तो मी कधी नाकारला नाही.

बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती आल्या आल्या म्हणाली. मी मानलं. बाबांनी नाही मानलं. त्यांनी तिच्या हाताखाली उशी सरकवली आणि समोर खुर्ची ओढून बसून राहिले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "बाबा, मी परत नाही जाणार."

"नको जाऊ," बाबा म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

खरं काय झालं ते पुढच्या पंधरा दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तो खोलीचं दार लावत होता, तिचा हात मध्ये होता. ती ओरडली. त्याने दार लावतच ठेवलं, सावकाश, हाड वाजेपर्यंत. "तो रागात नव्हता ताई," ती म्हणाली. भाजी चिरताना हेच वाक्य ती पुन्हा एकदा म्हणाली. मारहाणीपेक्षा मला या वाक्याची जास्त भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मी ते पटकन विसरून गेले.

कारण तो माणूस आम्हा सगळ्यांना आवडायचा. औषधांच्या एका कंपनीचा प्रतिनिधी, कायम इस्त्रीचा शर्ट, गळा इतका गोड की त्याने गीत धरलं की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याही डोळे मिटून घ्यायच्या. घरी हिंदी बोलायचा, पण आमच्या मराठी उपासनेलाही न चुकता यायचा. मला दीदी म्हणायचा. माझ्या हातातली पिशवी बघितली की धावत येऊन घ्यायचा. ही एवढी नाटकं माझ्यासारख्या शहाणीला पुरली.

तीन महिने बहीण आमच्याकडे राहिली. प्लास्टर निघालं. गल्लीतल्या चार मुलींची शिकवणी तिने धरली, अंगावर थोडं मांस आलं, आणि एका सकाळी भांडी घासताना ती गुणगुणताना मी ऐकली. बाबांनीही ऐकलं. ते पेपर खाली ठेवून तसेच बसून राहिले.

मग त्याने मंडळीपुढे साक्ष दिली. ईस्टरआधीचा दुःखसप्ताह पंधरा दिवसांवर आला होता. तो उभा राहिला, हात जोडले, आणि मी पापी आहे, मी माझ्या पत्नीवर हात उचलला, प्रभूने मला जागं केलं, असं म्हणून रडला. दाराबद्दल काही बोलला नाही. बायका डोळे पुसायला लागल्या, मीही रडले. बाबा मधूनच उठून बाहेर गेले. मला वाटलं खोकला आला असेल.

त्यानंतर आमच्या घरी माणसांची रीघ लागली. प्रत्येकजण एकच गोष्ट वेगवेगळ्या गोड शब्दांत सांगून जायचा. पाळकसाहेब दोनदा आले. भले गृहस्थ आहेत, अजूनही मी तसंच म्हणेन. म्हणाले, "तो तर यायला तयार आहे. प्रभुभोजनाआधी मेळ झाला तर मंडळीला मोठी साक्ष होईल." जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही समजवा. तुमचं ऐकेल ती."

मी समजवलं. स्वयंपाकघरात ती मेथी निवडत होती.

"माफ करते मी," ती म्हणाली. "त्यासाठी रोज प्रार्थना करून राहिली. पण तिथं जाणार नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ताई."

"वेगळ्या कशा?" मी म्हणाले. "माफ केलं म्हणते आणि घरी जात नाही, म्हणजे मनात ठेवलंच ना? अर्धी माफी ही काय माफी असते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मेथीची जुडी तशीच हातात. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. समोर कोण बोलतंय ते ती बघत होती. शेवटी म्हणाली, "तू म्हणते तं जाते."

देवाचं नाव तिने घेतलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं.

दुःखसप्ताहातल्या बुधवारी संध्याकाळी आमच्याच बैठकीत मेळाचं पाणी झालं. तो मोगऱ्याचा गजरा घेऊन आला होता. बाबा कोपऱ्यात बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मध्येच उघडले, ही माझी जुनी खोड. त्याने तिचा हात हातात घेतला होता, तोच हात, मनगटापाशी. चेहरा शांत, ओठ प्रार्थनेबरोबर हलताहेत. आणि तिची बोटं पांढरी पडत होती. एकेक करून, टोकांपासून. तिने डोळे घट्ट मिटले होते.

मी बघितलं, आणि मी डोळे मिटून घेतले. मनाशी म्हणाले, किती दिवसांनी हात धरतोय, म्हणून घट्ट धरला असेल. आमेन म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ती त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला दोघं शेजारी-शेजारी बसले होते. मंडळीला मोठी साक्ष झाली. त्यानंतर ती उपासनेला दिसली नाही.

तो मात्र दर रविवारी यायचा. तिचं डोकं दुखतं, तिला ऊन बाधलं, तिच्या पोटात गडबड आहे. फोन केला की तोच उचलायचा. "दीदी, वो नहा रही है." सकाळी करा, दुपारी करा, ती आंघोळच करत असायची. कधी बोललीच तर मागे घुमणारा आवाज, म्हणजे फोन स्पीकरवर. मी विचारलेल्या प्रश्नाला आधी थोडी शांतता, मग उत्तर. "हो ताई. बरी आहे ताई. जेवली ताई." शाळेत पाठांतर म्हणून घेताना मुलं बोलतात तसं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मी न कळवता महाराजपूरला गेले. त्यांची कॉलनी नवी, अर्धी घरं रिकामी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं. मी परत फिरणार तेवढ्यात आत काहीतरी सरकलं. मी खिडकीपाशी गेले. पडदा दोन बोटं बाजूला झाला आणि तिचा एक डोळा दिसला. फक्त एकच डोळा, कारण ती चेहऱ्याची तेवढीच बाजू खिडकीकडे धरून होती.

"कुलूप काहून लावलं?" मी विचारलं.

"चोऱ्या होऊन राहिल्या इकडे. म्हणून ते लावून जातात."

"आणि तुझ्याजवळ चावी?"

पडद्याची फट एका बोटावर आली.

"पडदा सरकव. मला नीट बघू दे तुला."

"ताई, तू जा. ते चारला येतात."

"मारतो का तुला? खरं सांग."

मग ती अगदी सावकाश, मलाच समजावल्यासारखी बोलली. "पाणी प्यालो ना आपण ताई. आता त्या गोष्टी कशा काढायच्या?"

पडदा पडला. कॉलनीत ऊन असं पांढरं झालं होतं की बघवत नव्हतं. दूरवर एका मोटरसायकलचा आवाज आला आणि माझे पाय आपोआप ऑटोकडे वळले. चार वाजायला वीस मिनिटं होती. मी पळाले, दुसरा शब्द नाही.

तिथून मी सरळ पाळकसाहेबांकडे गेले. कुलपाचं सांगितलं. ते चिंतेत पडले, चष्मा काढून बसले. म्हणाले, "चोरीचं कारण खरंही असू शकतं. मेळ झाल्यावर लगेच जुनं उकरलं तर त्याचा पश्चात्ताप मोडेल. जरा थांबू. प्रार्थना करू." ते असं म्हणतील हे मला ठाऊक होतं, कारण अशा वेळी मीही तेच म्हणत आले होते. म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले, पोलिसात नाही.

तीन आठवडे मी काही केलं नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर होते, ते तपासले. प्रार्थना केली, म्हणजे शब्द म्हटले. खिडकीतला तो एक डोळा मी बाबांपासून लपवून ठेवला. रोज वाटायचं आज काहीतरी कानावर येणार, आणि रोज संध्याकाळी काही आलं नाही म्हणून मी सुटल्यासारखी जेवायला बसायचे.

बाबांना मी सांगितलं नव्हतं तरी त्यांना कळलं. त्यांची उभी हयात कारखान्यात लेथवर गेली. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, असं ते नेहमी सांगायचे. त्या शनिवारी त्यांनी स्वतः फोन लावला, दोन मिनिटं तिच्याशी बोलले, फोन ठेवला आणि पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून काढली.

"तिला एका कानाने ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आज स्पीकर नव्हता. दोनदा फोन बदलला तिने ह्या कानाचा त्या कानाला. चल, ऑटो बोलाव."

मग मी कुलपाचं सांगितलं. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. "केव्हा बघितलं?" विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पेटीत लोखंड कापायची आरी आणि दोन पाती टाकली. ऑटोत ते पेटी मांडीवर धरून रस्त्याकडे बघत बसले.

दुपारचे अडीच. बाबा त्या दारासमोर गुडघ्यांवर बसले आणि कुलपाच्या कडीवर आरी चालवायला लागले. पंचाहत्तरीतला माणूस, टोपी नाही, घाम नाकावरून टपकतोय, पण हात एका लयीत. त्या रिकाम्या कॉलनीत तो आवाज चारी बाजूंना जात होता. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. पहिलं पातं तुटलं. बाबांनी दुसरं लावलं. मी गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी होते, आणि लाज सांगायची तर, तो आला तर काय बोलायचं याची वाक्यं मनात जुळवत होते. नम्र वाक्यं.

कडी तुटली तेव्हा मोटरसायकल आलीच.

त्याने गाडी व्यवस्थित स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं, केस बसवले. तुटलेल्या कुलपाकडे बघितलं आणि हसला. "अरे पापाजी, बोल देते. मैं खुद ले आता."

बाबा त्याच्याकडे न बघता आत गेले.

मग तो माझ्याजवळ आला, इतक्या जवळ की त्याच्या शर्टाच्या स्टार्चचा वास आला, आणि हळू आवाजात, त्याच गोड गळ्याने म्हणाला, "दीदी, माफ़ तो आप ही ने करवाया था न?"

मी जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

बाबा तिला घेऊन बाहेर आले. तिच्या अंगावर घरातलाच गाऊन, पायात काही नाही. डाव्या कानापासून मानेपर्यंत पिवळा-हिरवा डाग. ती उंबऱ्यावर थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ती आत वळणार. खरंच वळणार होती, तिचा खांदा वळलाही. बाबांनी तिला ओढलं नाही. स्वतःच्या चपला काढून तिच्या पायांसमोर ठेवल्या. रस्ता तापलेला होता. तिने चपला घातल्या, आणि बाबा अनवाणी ऑटोपर्यंत चालत गेले.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. कानाचा पडदा फाटून बरेच दिवस तसाच राहिला होता, त्यामुळे ऐकणं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन-चार आठवडे आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. तीन-चार आठवडे. मी हिशेब मांडला नाही, मांडायची गरजच नव्हती. पोलिसात तक्रार झाली, केस उभी राहिली. महिला मंडळाचं काम मी सोडलं. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझं तोंड बंद होतं. बाकीचे पुढे जातात, मी पुढच्या ओळीला त्यांना गाठते. तो अजून उपासनेला येतो, तिसऱ्या बाकावर बसतो आणि गीत धरतो. कधी मागे वळून माझ्याकडे बघून मान लववतो. रविवारी सकाळी मी दोनदा चपला घालून काढते. तरी जाते, कारण न गेले तर तिथे फक्त त्याचीच गोष्ट उरेल.

परवा पाळकसाहेब घरी आले. सोमवारी बहिणीची साक्ष आहे, कोर्टातली. फार अवघडून बसले होते. तिला म्हणाले, "त्याने निरोप दिला आहे. तू त्याला माफ केलं असं तू स्वतः मेळाच्या वेळी म्हणालीस. मग माफ केलं आहे तर केस काहून, असं विचारून राहिला."

मला संताप आला. मी उठलेच होते. बहिणीने हाताने मला बसवलं. ती खुर्ची फिरवून उजवा कान त्यांच्याकडे करून बसली.

"माफ केलं आहे," ती म्हणाली. "खोटं नाही बोलली. त्याचं वाईट व्हावं असं मला नाही वाटत. रोज त्याच्यासाठी प्रार्थना पण करते. आणि सोमवारी जे झालं ते सगळं सांगणार आहे, त्या दरवाजापासून. त्याला हेच सांगा."

"आणि मेळ?" त्यांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, त्यांनाही उत्तर माहीत होतं.

"मेळ नाही साहेब."

पाळकसाहेब उठले. जाताना दारात थांबून त्यांनी तिची माफी मागितली, रीतीशिवाय, पाण्याशिवाय. ती "अच्छा" म्हणाली.

ते गेल्यावर माझं मन भरून आलं होतं. तीच धाकटी, जिला मी मेथी निवडताना शास्त्र शिकवलं होतं. मी म्हणाले, "इतकं होऊन तू त्याला माफ केलंस. मला तं जन्मात नाही जमणार."

"त्याला करणं जड नाही गेलं ताई," ती म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. "त्याच्याकडून मला काही आशाच उरली नव्हती."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात: "तुला अजून करून राहिली."

मी खाली बसले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. रोज थोडं-थोडं चालू असलेलं एक काम तिने मला सांगितलं होतं, आणि ते कधी संपेल हे विचारायचा मला हक्क नव्हता. रडू येत होतं, पण रडले असते तर तिला घड्या टाकून माझी समजूत काढावी लागली असती. तेवढं मला कळलं.

मग मी विचारलं, सोमवारी मी तुझ्याबरोबर येऊ का.

तिने शेवटचा टॉवेल दुमडला, घड्यांच्या वर ठेवला.

"चल," ती म्हणाली. "पण बोलू नको."